डाव्या खिशातले चिंचोके

इनामदार सर वर्गाकडे यायला लागले की दिसायच्या आधी ऐकू यायचे. व्हरांड्यात खुळखुळ असा आवाज व्हायचा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात डस्टर आणि पँटच्या खिशात चिंचोके. एम. ए.च्या आमच्या वर्गात यावर दोन मतं होती. एक म्हणजे, सर घरी बायकोशी सारीपाट खेळतात आणि हरतात. दुसरं, डॉक्टरांनी सिगरेट सोडायला सांगितली आहे म्हणून हाताला चाळा. खरं कारण कळलं तेव्हा मी जरा घाबरलेच, कारण तोवर मी त्यांच्यासमोर भरपूर बोलून बसले होते.

सर सामाजिक मानसशास्त्र शिकवायचे. माणूस एकटा असताना कसा असतो, चारचौघांत गेल्यावर कसा बदलतो, एका गटाच्या मनात दुसऱ्याविषयी अढी कशी बसते, हा त्यांचा विषय. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला आदल्या संध्याकाळी काय केलं ते चार ओळींत लिहायला सांगितलं. कागद गोळा केले, टेबलाशी बसून वाचले आणि एकाच शब्दाभोवती गोल करत गेले.

"अहो काळे," ते मला म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, आम्ही तुळशीबागेत गेलो. आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि मैत्रिणी."

"मी त्यात नाही?"

"तुम्ही कसे असाल सर?"

"नाहीच. आणि हे तुम्ही न सांगता सांगितलंत." मग वर्गाकडे वळून म्हणाले, "इंग्रजीत वुई म्हटलं की झालं. समोरचा आत की बाहेर, पत्ता लागत नाही. साहेबाची सोय आहे. मराठीत ती सोय नाही. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, वगळून बोलायचं तर आम्ही. आपली भाषा चुगलखोर आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, पुण्यात 'आपण कोण?' असंही विचारतात."

"ते आपण वेगळं. ते दाराला कडी घालताना म्हणतात."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. हसू यायच्या जागी त्यांची डावी भुवई किंचित वर जायची, तेवढंच.

चिंचोक्यांचा उलगडा मी त्यांची संशोधन सहाय्यक झाले तेव्हा झाला. सर निरनिराळे गट निवडायचे. कधी एखादं मंडळ, कधी बायकांची भिशी, कधी हाउसिंग सोसायटी. दर रविवारी त्या लोकांना एकत्र बसवून साध्या विषयावर बोलायला लावायचं: पाणी, पार्किंग, शेजार. मी टेपरेकॉर्डर सांभाळायची आणि सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर खिशात हात घालून बसायचे. बोलता बोलता कुणी 'आम्ही' म्हणालं आणि त्या आम्हीच्या पलीकडे कुणी 'ते लोक' उभे केले, की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात जायचा. वही काढली की माणसं सावरून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. खिशात हात घातलेल्या माणसाकडे कोण बघतं?

त्यांचे नियम फार कडक होते. बैठकीत अभ्यासकाने बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, 'अरेरे' सुद्धा म्हणायचं नाही. एकदा मी एका बाईंच्या बोलण्यावर नुसतं 'खरंच?' म्हणाले, तर सरांनी ती अख्खी बैठक रद्द धरली. "तुम्ही त्यांना हलवलंत," म्हणाले. "आता ते बोलणं त्यांचं राहिलं नाही." मला राग आला होता. आठवडाभराची मेहनत एका 'खरंच'साठी पाण्यात घालायची म्हणजे काय? पण सरांशी वाद घालणं कठीण असायचं, कारण ते उत्तरच देत नसत.

दुसरा नियम नावाचा. लोकांना ते फक्त इनामदार म्हणून माहीत असायचे. मराठी ऐकावं तर मुद्रितशोधकाचं वाटावं, ळ आणि ण ठणठणीत. त्यामुळे लोक निर्धास्त बोलायचे. शेवटच्या बैठकीत मात्र चहा झाला की सर उभे राहायचे आणि सांगायचे, "माझं पूर्ण नाव रशीद इनामदार. तुमच्या बोलण्यातलं काही वगळायचं असेल तर आत्ता सांगा, मी वगळतो." लोक रिकाम्या कपांशी चाळा करायचे. शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "अहो, पण तुम्ही वाटत नाही हो!"

"काय वाटत नाही?"

"म्हणजे... हे... मुसलमान."

"प्रयत्न चालू आहे," सर म्हणायचे.

स्टाफरूममध्येही हेच. नव्याने आलेले एक प्राध्यापक एकदा आपल्या पुतणीची पत्रिका घेऊन सरांकडे आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इनामदारांना मुलगा आहे. "आपल्यातलंच स्थळ, म्हणून आधी तुम्हाला दाखवतोय," ते म्हणाले. सरांनी चष्मा पुसला, पत्रिका नीट वाचली आणि परत दिली. "मुलगी गुणी दिसते. पण आमचा इम्रान अजून सातवीत आहे." त्या गृहस्थांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. सरांनी बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली आणि पेपर तपासायला घेतले. मी समोरच बसले होते. त्यांचा हात खिशात गेलेला मी पाहिला.

त्यांचे वडील मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. सर सुट्टीत तिथे जाऊन बसत. "मानसशास्त्र मी तिथे शिकलो," ते सांगायचे. "लिलावात जो मोठ्यानं ओरडतो त्याच्यामागे बाकीचे जातात. कांदा नासका आहे हे त्या घोळक्यात एकदोघांना ठाऊक असतं. पण ते तोंड उघडत नाहीत. त्यांना वाटतं, एवढे सगळे बोली लावतायत म्हणजे आपलंच काहीतरी चुकत असेल." वर्गात ते हे पुन:पुन्हा सांगायचे. सगळा गट कधीच चुकत नाही, त्यात कुणीतरी गप्प बसलेला असतो, आणि त्याला फक्त एक सोबती हवा असतो. परीक्षेत आम्ही हे वाक्य लिहून मार्क मिळवले. त्याचा अर्थ मला सदाशिव पेठेतल्या त्या सोसायटीत कळला.

सरांच्या अभ्यासातला तो शेवटचा आणि सगळ्यात मोठा गट होता. कित्येक वर्षं चाललेलं काम त्या मालिकेनंतर पुस्तकरूपाने येणार होतं, आणि त्या पुस्तकावर त्यांची प्रोफेसरची बढती अडली होती. सोसायटीचे सेक्रेटरी बर्वे उत्साही माणूस. त्यांच्याच दिवाणखान्यात बैठका व्हायच्या. पहिल्या दोन-तीन रविवारी पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या सायकली यांवर भांडणं झाली. चिंचोके जवळजवळ हललेच नाहीत. परतताना सर म्हणाले, "फार सज्जन सोसायटी आहे. माझं पुस्तक बुडवणार."

मग दूरच्या एका शहरात दंगल पेटली. पुण्यात काही झालं नव्हतं, पण दुकानं लवकर बंद व्हायला लागली, पेपर आला की लोक जिन्यातच उघडायचे, आणि त्या दिवाणखान्यातली हवा बदलली.

सोसायटीच्या तळमजल्यावर एक नदाफ सिस्टर भाड्याने राहायच्या. जवळच्या दवाखान्यात नर्स. सोबत म्हातारी आई, तिला ऐकू कमी यायचं. अर्ध्या सोसायटीने त्यांच्याकडून इंजेक्शनं घेतली होती. त्या रविवारी बर्वे म्हणाले, "परवा संध्याकाळी सिस्टरकडे टेम्पो आला होता. एक गाठोडं उतरवलं." पुढच्या रविवारी गाठोडी तीन-चार झाली. त्याच्या पुढच्या रविवारी टेम्पो दोन झाले, ती उचलायला चार माणसं लागली आणि आतून काहीतरी वाजलं, असं तिसऱ्या मजल्यावरच्या सुलभाताईंनी स्वतः ऐकलं होतं. त्यांची खिडकी मागच्या गल्लीकडे उघडायची. पण हे कुणी बोललं नाही.

सरांचा डावा खिसा आता बैठक संपेस्तोवर लोंबायला लागायचा. "आम्ही इतकी वर्षं सांभाळून घेतलं." "आम्हाला मुलंबाळं आहेत." मधूनच कुणीतरी सरांकडे वळून म्हणायचं, "तुम्हीच सांगा सर, आपण किती सहन करायचं?" त्या 'आपण'मध्ये सरांना ओढून घेतलेलं असायचं. सर खिडकीबाहेर बघायचे. मला मात्र टेपरेकॉर्डरचं बटण धरूनही बसवत नसे. त्यांच्या कपाळावर घाम दिसायचा आणि मला वाटायचं, हा माणूस उठून का जात नाही?

एका रविवारी तिथून निघाल्यावर ते मला म्हणाले, "काळे, पेंडसे काकांकडे लक्ष आहे का तुमचं?"

पेंडसे काका म्हणजे सोसायटीतले सगळ्यात वयस्कर. पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे राहायचे. पंपाच्या भांडणात सगळ्यात जास्त तेच बोलले होते.

"गाठोड्याचा विषय निघाल्यापासून ते एक शब्द बोललेले नाहीत," सर म्हणाले. "आणि सारखे कंबर धरून बसतात. त्यांना काहीतरी माहीत आहे."

"मग विचारा ना त्यांना!"

"विचारलं की अभ्यास संपला."

"आणि नाही विचारलं तर?"

सरांनी स्कूटरला किक मारली. पुढचा रविवार उजाडेपर्यंत ते कॉलेजात माझ्याशी कामापुरतंच बोलले.

त्या रविवारी दिवाणखान्यात माणसं मावत नव्हती. दुसऱ्या इमारतीतली पोरंही आली होती, काही दारात उभी होती. बर्व्यांनी ठराव वाचला: घरमालकांना कळवायचं की सिस्टरचा करार वाढवू नये. कुणी हात वर करणार एवढ्यात दारातला एकजण म्हणाला, "करार वगैरे नंतर. ती ड्यूटीवर गेलीय. आत्ताच जाऊन गाठोडी उघडून बघू."

"आई आहे घरात," कुणीतरी म्हणालं.

"असू दे की. तिला काय ऐकू येतंय!"

कुणी हसलं. खुर्च्या मागे सरकल्या. मी आजवर पुस्तकात वाचलेलं सगळं त्या क्षणी डोळ्यांसमोर घडत होतं. एकेकटे भेटले असते तर यांतल्या एकानेही त्या म्हातारीच्या दाराला हात लावला नसता, हे मी शपथेवर सांगते. सगळे मिळून मात्र उठले होते. सुलभाताईंनी सुद्धा पदर खोचला. पेंडसे काका तेवढे बसून होते, दोन्ही हात कमरेवर, नजर फरशीकडे.

बर्वे सरांजवळ आले. "चला सर, तुम्हीही चला. चांगला साक्षीदार हवाच. आपल्यातलेच तुम्ही."

सर उठले. डाव्या खिशातून मूठभर चिंचोके काढून त्यांनी समोरच्या टीपॉयवर ओतले. मग दुसरी मूठ. काचेवर केवढा तरी आवाज झाला आणि दारातली पोरं सुद्धा वळून बघायला लागली.

"हे काय सर?"

"हे तुमचे आम्ही," सर म्हणाले. आवाज अगदी वर्गातला होता. "मोजत होतो. बर्वे साहेब, माझं नाव रशीद. रशीद इनामदार. मी येतो तुमच्याबरोबर खाली. फक्त त्या आजींनी दार उघडलं की मी कुठल्या बाजूला उभं राहायचं, तेवढं मला सांगा."

दारातल्या एका पोराने सरांकडे असं पाहिलं की आता हा पुढे येणार, अशी माझी खात्री झाली. मी टेपरेकॉर्डर छातीशी धरला. काय उपयोग होता कुणास ठाऊक.

तेवढ्यात पेंडसे काका बोलले. "गाद्या आहेत त्या."

"काय?" बर्वे म्हणाले.

"गाद्या! माझ्या गाद्या!" काका उठायला गेले आणि कळ येऊन पुन्हा बसले. "सिस्टरच्या भावाचा गाद्यांचा कारखाना आहे. मी कापूस पिंजून घ्यायला दिला होता. त्यानं आणल्या तेव्हा मी लेकीकडे गेलेलो, म्हणून बहिणीकडे ठेवून गेला. दोन गाद्या आणि एक लोड. चादरीत बांधलेल्या. आलो तर तुमचं हे सुरू. आणायला जायची हिंमत होईना. इतके दिवस सतरंजीवर झोपतोय मी, कंबरेचा खुळखुळा झालाय!"

"अहो, मग सांगायचं नाही का काका?"

"कसं सांगू? तुम्ही सगळे एवढे खात्रीनं बोलत होता. मला वाटलं, गाद्यांखेरीजही काही असेल." मग ते सरांकडे बघून हळूच म्हणाले, "आत्ता हे बोलले म्हणून बोललो."

सुलभाताई खुदकन हसल्या आणि मग पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. दारातली पोरं एकेक करत निघून गेली. ठराव तसाच बर्व्यांच्या हातात राहिला. शेवटी त्यांना काय सुचलं कोण जाणे, सरांच्या खांद्याला हात लावून ते म्हणाले, "पण सर, तुम्ही वाटत नाही हो."

त्या दिवशी सरांनी नेहमीचं उत्तर दिलं नाही. ते गुडघ्यावर बसून टीपॉयखाली सांडलेले चिंचोके वेचत राहिले. मग पेंडसे काका म्हणाले, "चला, गाद्या तरी आणू," आणि बर्वे आणि आणखी दोघं खाली गेले. मी जिन्यातून पाहिलं. आजींनी दार उघडलं, एवढी माणसं बघून आनंदल्या आणि सगळ्यांना आत बसा म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सरांना स्कूटरची किल्ली लावता येईना. "टेप बंद केलीत का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, सगळं आलंय त्यात."

"म्हणजे माझाही आवाज आलाय. गट बाद."

"तेवढा भाग कापून टाकू ना! आधीच्या बैठका आहेत की."

"आधीपासूनच मला कळत होतं की मी बोलणार आहे," सर म्हणाले. "मी बघणारा राहिलो नव्हतो. काळे, तुम्ही उद्या चांगल्या प्राध्यापक व्हाल. आज बस पकडा."

त्यांनी विभागप्रमुखांना सरळ सांगून टाकलं की अभ्यासक गटात मिसळला, अभ्यास थांबवला आहे. पुस्तक आलं नाही. बढती दुसऱ्याला गेली. मी त्यांच्याशी भांडले, अगदी रडून भांडले, कारण ते काम वाया जाणं मला अन्याय वाटत होतं आणि आजही वाटतं. सरांची भुवई किंचित वर गेली, एवढंच. नदाफ सिस्टरचा करार वर्षभर वाढला. वर्ष संपल्यावर त्या दुसरीकडे गेल्या. ड्यूटीला लांब पडतं, असं सांगितलं. दवाखाना तोच होता. सरांना हे कळलं तेव्हा ते फळा पुसत होते, आणि कितीतरी वेळ पुसतच राहिले.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते पुण्याबाहेर, मांजरी गावात. निवृत्तीनंतर त्यांनी तिकडे एका नव्या इमारतीत घर घेतलं होतं. शहरात घरं बघून झाली होती, एवढंच वहिनी म्हणाल्या, आणि मी पुढे विचारलं नाही. मी आणि माझे यजमान गेलो होतो. सर बारीक झाले होते, शर्टाची इस्त्री तशीच होती. गप्पा झाल्या, वहिनींनी शीरखुर्मा आग्रहाने दोनदा वाढला. खिडकीतून ऊस दिसत होता आणि पलीकडे आणखी इमारतींचे सांगाडे. शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "आम्ही सगळे फार मिळून-मिसळून राहतो हो इथे, ह्यांना काही त्रास होऊ देत नाही." सर दाराकडे बघत होते. त्यांचा हात खिशात गेला.

संध्याकाळ झाली तशी आम्ही उठलो. मी वाकून नमस्कार केला आणि सवयीने म्हणाले, "सर, आम्ही येतो आता."

बोलून गेले आणि तो 'आम्ही' माझा मलाच ऐकू आला. दुसरं काय म्हणणार होते मी? निघणारे दोघे आम्ही होतो, ते घरी राहणार होते. व्याकरण चोख होतं. पण सरांचा हात खिशात हललेला मी पाहिला आणि मला रडू यायला लागलं.

सरांनी कोपऱ्यातली काठी घेतली, चपला पायात सरकवल्या. "थांबा हो काळे. आपण स्टॉपपर्यंत जाऊ."

वहिनी नको नको म्हणत होत्या. सर ऐकेनात. स्टॉप काही जवळ नव्हता, ते मधे मधे थांबत होते आणि थांबले की उसाकडे बघत उभे राहत होते. बस आली, आम्ही चढलो. मी मागच्या काचेतून पाहिलं. सर स्टॉपवर काठी काखेत धरून उभे होते. त्यांनी डाव्या खिशातून एक चिंचोका काढला, जरा निरखला आणि उजव्या खिशात परत टाकला.